स्मरणाच्या परिषदा आणि बंद दरवाजे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२७ जानेवारी २०२५ रोजी पोलंडमधील ऑशविट्झ-बिर्केनाऊ येथे, त्या मृत्युछावणीच्या मुक्ततेला ८० वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त मोठा समारंभ झाला. छावणीच्या प्रवेशद्वारावरच मंडप घातलेला होता. राजे, राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान असे कितीतरी देशांचे प्रमुख त्या मंडपात बसले होते; परंतु त्यांपैकी एकालाही भाषण करू देण्यात आले नाही. बोलले ते प्रामुख्याने छावणीतून जिवंत सुटलेले वृद्ध. वाचलेल्यांची संख्या दरवर्षी घटत आहे, तेव्हा आता त्यांचेच शब्द ऐकावेत, असे संयोजकांचे म्हणणे होते आणि ते योग्यच होते. परंतु या निर्णयाची दुसरीही एक बाजू आहे. राज्यकर्त्यांच्या तोंडी स्मरणाची भाषा इतकी गुळगुळीत झाली आहे की, त्यांना गप्प बसविल्याने समारंभाचे गांभीर्य वाढते, असा अनुभव येऊ लागला आहे.

त्या दिवशी बोलणाऱ्यांत मारियान तुर्स्की होते. लोद्झ शहरातील कोंडवाड्यातून ऑशविट्झला पाठविले गेलेले हे गृहस्थ पुढे पत्रकार आणि इतिहासकार झाले. १९६५ साली अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्च्यात ते चालले होते, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०२० च्या समारंभात त्यांनी सांगितले होते की, ऑशविट्झ काही अचानक आकाशातून कोसळले नाही. आधी बर्लिनच्या एका भागात ज्यूंनी अमुक बाकावर बसू नये असे ठरले. मग पोहण्याच्या तलावावर बंदी आली. मग दुकानात केव्हा जायचे यावर निर्बंध आले. दर वेळी लोकांना त्याची सवय होत गेली, आणि ज्यांच्यावर बंदी होती त्यांनाही सवय होत गेली. २०२५ च्या भाषणानंतर तीन आठवड्यांनी, वयाच्या ९८ व्या वर्षी तुर्स्की निवर्तले.

गेली पंचवीस-तीस वर्षे ज्यूंच्या हत्याकांडाची स्मृती जपण्यासाठी आणि ज्यूद्वेषाशी मुकाबला करण्यासाठी राष्ट्राराष्ट्रांच्या परिषदा भरत आहेत. लंडन, वॉशिंग्टन, स्टॉकहोम, व्हिएन्ना, बर्लिन, प्राग, जेरुसलेम, माल्मो अशी त्यांची मालिका आहे. या परिषदांचे मोल कसे ठरवायचे, हा आजचा प्रश्न. भाषणांवरून ते ठरत नाही. त्यासाठी आधी थोडे मागे जाऊन, ज्यू जिवंत असताना त्यांच्यासाठी ज्या परिषदा भरल्या त्यांत काय झाले, ते पाहावे लागते.

६ जुलै १९३८ रोजी फ्रान्समध्ये, जिनिव्हा सरोवराच्या काठी एव्हियाँ या गावी एका आलिशान हॉटेलात ३२ देशांची परिषद सुरू झाली. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने ती बोलाविण्यात आली होती. मार्च महिन्यात हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता आणि व्हिएन्नाच्या रस्त्यांवर ज्यूंना गुडघ्यांवर बसवून फरसबंदी घासायला लावण्याचे प्रकार जगाने पाहिले होते. निमंत्रणातच एक अट घातलेली होती. कोणत्याही देशाने आपल्या प्रचलित कायद्यापेक्षा अधिक निर्वासित घ्यावेत अशी अपेक्षा केली जाणार नाही. म्हणजे ज्या दारांपुढे निर्वासित तिष्ठत उभे होते ती दारे जितकी उघडी आहेत तितकीच राहतील, असे आश्वासन देऊनच सभा भरविण्यात आली. पॅलेस्टाइनचा विषय चर्चेत येऊ नये याची ब्रिटनने काळजी घेतली. पॅलेस्टाइनमधील ज्यूंच्या निरीक्षक म्हणून आलेल्या गोल्डा मेयर यांना बोलण्याची परवानगी नव्हती.

नऊ दिवस भाषणे झाली. प्रत्येक प्रतिनिधीने सहानुभूती व्यक्त केली आणि आपला देश का असमर्थ आहे याची कारणे दिली. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीने तर, आमच्याकडे वंशाचा प्रश्न नाही आणि तो आयात करण्याची आमची इच्छाही नाही, अशा अर्थाचे विधान केले. ज्या देशाने आपल्या मूळ रहिवाशांची काय गत केली हे जगाला माहीत आहे, त्या देशाच्या प्रतिनिधीचे हे उद्गार! मोठ्या संख्येने निर्वासित घेण्याची तयारी दाखविली ती एकट्या डोमिनिकन प्रजासत्ताकाने, आणि तेथील हुकूमशहाचे हेतू काही उदात्त नव्हते. एक लाखापर्यंत माणसे घेऊ असे तो म्हणाला. प्रत्यक्षात काही शेकडा माणसेच तेथे वसू शकली.

या नकारामागे ज्यूद्वेष होता हे खरे. पण केवळ ज्यूद्वेष म्हणून भागत नाही. त्यामागे एक अर्थशास्त्रही होते आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. महामंदीच्या काळात अमेरिकेने एक नियम कडक केला होता. जो माणूस पुढे सार्वजनिक मदतीवर जगण्याची शक्यता आहे त्याला प्रवेश देऊ नये. जर्मनी व ऑस्ट्रिया मिळून वर्षाला २७,३७० जणांना प्रवेश देण्याची कायद्याने मुभा असतानाही, या नियमामुळे तीसच्या दशकातील बहुतेक वर्षी ती संख्यादेखील भरली नव्हती. आता दुसरी बाजू पाहा. जर्मनी सोडून जाणाऱ्यावर मालमत्तेच्या चतुर्थांशाइतका कर होता. हा कर नाझींनी बसविला नव्हता. भांडवल देशाबाहेर जाऊ नये म्हणून तो १९३१ साली, नाझी सत्तेवर येण्यापूर्वीच बसविण्यात आला होता. नाझींनी त्याची मर्यादा खाली आणून तो ज्यूंना लुटण्याचे हत्यार बनविला. उरलेले पैसे गोठविलेल्या खात्यात जात आणि ते परकीय चलनात बदलताना असा दर मिळे की, १९३९ पर्यंत शंभर मार्कांतले जेमतेम चार मार्क हाती पडत. म्हणजे एक राज्यसंस्था माणसाला नागवून सीमेवर आणून उभे करत होती आणि दुसरी राज्यसंस्था, तू नागवा आहेस म्हणून आत घेत नाही, असे त्याला सांगत होती. दोन्ही आपापल्या कायद्याने वागत होत्या. ज्या कारकुनाने अर्ज नाकारला त्याने एकही नियम मोडलेला नव्हता.

एव्हियाँच्या परिषदेनंतर काही आठवड्यांतच स्वित्झर्लंडशी वाटाघाटी होऊन जर्मन ज्यूंच्या पारपत्रांवर लाल 'जे' हे अक्षर उमटू लागले, जेणेकरून सीमेवरच्या शिपायाला ज्यू ओळखणे सोपे जावे. नोव्हेंबरात जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली. आणि वर ज्यूंनाच एक अब्ज मार्कांचा दंड ठोठावण्यात आला. त्यानंतर ब्रिटनने सुमारे दहा हजार मुलांना आश्रय दिला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु त्यांच्या आईबापांना दिला नाही. मे १९३९ मध्ये 'सेंट लुई' ही आगबोट ९३७ प्रवासी घेऊन क्यूबाला गेली. तेथे बहुतेकांना उतरू दिले नाही, अमेरिकेनेही घेतले नाही, आणि बोट युरोपात परतली. त्या प्रवाशांपैकी २५४ जण पुढे मारले गेले.

दुसरी परिषद १९ एप्रिल १९४३ रोजी अटलांटिकमधील बर्म्युडा बेटावर सुरू झाली. या वेळी फक्त ब्रिटन आणि अमेरिका हे दोनच देश होते. आता अज्ञानाची सबब उरली नव्हती. १७ डिसेंबर १९४२ रोजी दोस्त राष्ट्रांनी संयुक्त निवेदन काढून ज्यूंचा पद्धतशीर संहार चालू असल्याचे जाहीर केले होते आणि ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद त्या दिवशी उठून स्तब्ध उभे राहिले होते. स्तब्धता पाळण्याची प्रथा हत्याकांडाच्या नंतर सुरू झाली नाही. ते चालू असतानाच सुरू झाली. बर्म्युडाच्या परिषदेत ज्यू संघटनांना प्रवेश नव्हता. जहाजे नाहीत, कायदा बदलता येत नाही, शत्रूशी बोलणी करता येत नाहीत, असे बारा दिवसांत ठरले.

ज्या दिवशी ही परिषद सुरू झाली, नेमक्या त्याच दिवशी वॉर्साच्या कोंडवाड्यातील ज्यू तरुणांनी थोडीशी पिस्तुले आणि हातबॉम्ब घेऊन जर्मन सैन्याविरुद्ध बंड पुकारले. त्या बंडात झिओनिस्ट होते, कम्युनिस्ट होते, आणि 'बुंड' या ज्यू कामगारांच्या समाजवादी पक्षाचे लोकही होते. या बुंडचे एक नेते श्मूल झिगेलबॉइम त्या वेळी लंडनमध्ये, परागंदा पोलिश सरकारच्या राष्ट्रीय मंडळाचे सभासद होते. कामगार चळवळीतून वर आलेला हा माणूस. १९४२ च्या अखेरीस यान कार्स्की हा पोलिश दूत गुप्तपणे कोंडवाडा पाहून लंडनला आला आणि त्याने बुंडच्या भूमिगत नेत्याचा निरोप त्यांना पोचविला. झिगेलबॉइम दारोदार हिंडून सांगत राहिले; आकाशवाणीवरून बोलले, मंत्र्यांना भेटले, मजूर पक्षाच्या सभेत बोलले. त्यांची पत्नी व मुलगा वॉर्सातच होते आणि तेथेच मारले गेले. बर्म्युडाची निष्फळता उघड झाली, कोंडवाडा जळत राहिला, आणि १२ मे १९४३ रोजी झिगेलबॉइम यांनी लंडनमध्ये आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी लिहिले होते की, या खुनांची पहिली जबाबदारी खुन्यांवर आहे, पण अप्रत्यक्षपणे ती साऱ्या मानवजातीवर आणि ज्यांनी ते थांबविण्यासाठी खरी हालचाल केली नाही त्या दोस्त राष्ट्रांच्या सरकारांवरही आहे.

युरोपातील सुमारे साठ लाख ज्यू या युद्धात मारले गेले. त्यांच्याबरोबर लाखो सोव्हिएत युद्धकैदी, पोलिश नागरिक, जिप्सी म्हणून हिणविले जाणारे रोमा आणि हजारो अपंग माणसेही.

युद्धानंतर काही दशके सरकारांनी या विषयाला फारसा हात घातला नाही. शीतयुद्धात पश्चिमेला जर्मनी हवा होता आणि पूर्वेला बळींचा ज्यू म्हणून उल्लेख नको होता. १९५२ साली पश्चिम जर्मनीने इस्रायलशी भरपाईचा करार केला, १९६१ साली जेरुसलेममध्ये आइकमनचा खटला उभा राहिला, १९६३ पासून फ्रँकफर्टमध्ये ऑशविट्झच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. ही कामे वकिलांनी, न्यायाधीशांनी आणि साक्षीदारांनी केली. राष्ट्रांच्या परिषदा आल्या त्या सोव्हिएत गट कोसळून दप्तरखाने उघडल्यानंतर.

त्यांची सुरुवात पैशापासून झाली. डिसेंबर १९९७ मध्ये लंडनला नाझींनी लुटलेल्या सोन्याबद्दल परिषद झाली; पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला ४४ देश लुटलेली चित्रे, विम्याच्या रकमा आणि सार्वजनिक मालमत्ता यांवर बोलले. स्विस बँकांनी १९९८ साली १२५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख पॉल व्होल्कर यांच्या समितीने तपासणी केली तेव्हा नाझींच्या बळींची असू शकतील अशी सुमारे ५४ हजार खाती निघाली. मृत्यूचा दाखला आणा म्हणून वारसांना परत पाठविले गेल्याच्या हकीकती त्या काळात पुढे आल्या. ऑशविट्झच्या धुराड्याचा दाखला कोणी द्यावा?

त्या वेळी काही सुसंस्कृत लोकांनी नाके मुरडली. मेलेल्यांच्या आठवणीचा बाजार मांडला आहे, असे ते म्हणाले. हा आक्षेप वरवर पाहता सात्त्विक वाटतो. परंतु तो चुकीचा आहे. हत्याकांडाच्या प्रत्येक पायरीवर जमाखर्च लिहिला जात होता. जर्मन रेल्वे मृत्युछावणीकडे नेलेल्या माणसांचे तिसऱ्या वर्गाचे भाडे आकारत असे. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुलांना माफ, आणि चारशेहून अधिक माणसे असतील तर सामुदायिक सवलत. आय. जी. फार्बेन या रसायन उद्योगाने ऑशविट्झला लागून कारखाना उभारला आणि अकुशल कैद्यामागे दिवसाला तीन मार्क, कुशल कैद्यामागे चार मार्क एस. एस. संघटनेला दिले; कैद्याला काही नाही. पश्चिम युरोपातून हाकललेल्या ज्यूंची सुमारे ७० हजार घरे रिकामी करून त्यांतील खाटा, कपाटे, पडदे, भांडीकुंडी आगगाड्यांनी जर्मनीत आणली गेली, आणि बॉम्बहल्ल्यात घर गमावलेल्या कुटुंबांना व लिलावात बोली लावणाऱ्यांना ती मिळाली. त्या बायाबापड्या नाझी पक्षाच्या सभासद असतीलच असे नाही. त्यांना स्वस्तात चांगले कपाट मिळत होते. वंशद्वेषाला सामान्य माणसाची संमती कशी मिळते याचे उत्तर पुष्कळदा व्याख्यानांत सापडत नाही, ते अशा लिलावाच्या यादीत सापडते. म्हणून हिशेबाच्या वह्या उघडणे हेच स्मरणाचे पहिले काम होते. २००० साली जर्मन सरकार आणि जर्मन उद्योग यांनी निम्मे निम्मे घालून दहा अब्ज मार्कांचा निधी उभा केला आणि पुढील सात वर्षांत वेठबिगार म्हणून राबविल्या गेलेल्या साडेसोळा लाखांहून अधिक माणसांना त्यातून रक्कम मिळाली. रक्कम तुटपुंजी होती, ५५ वर्षे उशिरा आली, आणि तोवर बहुतेक हक्कदार मरून गेले होते. तरीही पोलंड, युक्रेनमधील एखाद्या म्हाताऱ्या शेतकरणीला तिच्याकडून काम चोरून घेतले होते याची लेखी कबुली मिळाली.

जानेवारी २००० मध्ये स्वीडनचे समाजवादी लोकशाहीवादी पंतप्रधान योरान पेर्सन यांनी स्टॉकहोमला भरविलेली परिषद ही या मालिकेतील सर्वांत महत्त्वाची. आपल्या देशातील शाळकरी मुलांना हे हत्याकांड घडले की नाही याबद्दल शंका वाटते, असे एका पाहणीत दिसल्यावर पेर्सन यांनी आधी घरात काम सुरू केले. पालकांसाठी एक पुस्तक काढून ते लाखो प्रतींनी फुकट वाटले. मग ब्रिटन आणि अमेरिकेला बरोबर घेऊन १९९८ साली कार्यगट काढला आणि त्यातून ४६ देशांची परिषद उभी राहिली. एली वीझेल तिचे सन्माननीय अध्यक्ष होते आणि इतिहासकार येहुदा बाउअर सल्लागार. तेथील जाहीरनाम्यात शिक्षण, स्मरण आणि संशोधन यांची हमी दिली गेली, आणि दप्तरखाने खुले करण्याचे वचनही. हे वचन कागदावरच राहिले नाही. जर्मनीतील बाद आरोल्सन येथे नाझी छावण्यांचे अवाढव्य दप्तर होते; सुमारे पावणेदोन कोटी माणसांची त्यात नोंद. अकरा देशांच्या ताब्यात असलेले हे दप्तर ६० वर्षे संशोधकांना बंद होते. चहूबाजूंनी दडपण आल्यावर २००७ साली ते उघडले. एखाद्या नातवाला आपल्या आजोबांच्या नावाचे छावणीतील कार्ड पाहता आले, ही परिषदांची खरी मिळकत. १ नोव्हेंबर २००५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २७ जानेवारी हा स्मृतिदिन म्हणून मतदानाशिवाय मान्य केला, तोही याच प्रयत्नांचा पुढचा टप्पा.

येथवरची कहाणी बरी आहे. पुढे मात्र पाणी गढूळ होत जाते.

स्मरण सरकारमान्य झाले की, प्रत्येक सरकार आपल्या सोयीचे स्मरण मागू लागते. येद्वाब्ने या गावी जुलै १९४१ मध्ये पोलिश शेजाऱ्यांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना खळ्याच्या कोठारात कोंडून जाळले. इतिहासकार यान ग्रोस यांनी ते पुस्तकातून मांडले तेव्हा पोलंडमध्ये वादळ उठले, आणि २०१८ साली पोलिश राष्ट्रावर नाझी गुन्ह्यांचा आरोप करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा कायदा झाला. जगभर टीका झाल्यावर कैदेचे कलम काही महिन्यांतच मागे घेण्यात आले. जानेवारी २०२० मध्ये जेरुसलेमला चाळीसहून अधिक राष्ट्रप्रमुख जमले असता रशियाच्या पुतिन यांना व्यासपीठ मिळाले, आणि आपल्याला बोलू देत नाहीत म्हणून पोलंडचे अध्यक्ष आलेच नाहीत. ज्यांच्या भूमीवर छावण्या उभ्या होत्या ते अनुपस्थित, आणि महायुद्धाच्या दोषाची नव्याने वाटणी करू पाहणारे व्यासपीठावर! त्या सभागृहात छळातून वाचलेल्यांनाच जागा अपुऱ्या पडल्या. तेव्हा युक्रेनच्या शिष्टमंडळाने आपल्या जागा त्यांच्यासाठी सोडल्या.

मार्च २०२५ मध्ये त्याच जेरुसलेममध्ये इस्रायल सरकारने ज्यूद्वेषविरोधी परिषद घेतली आणि तिला युरोपातील अतिउजव्या पक्षांच्या पुढाऱ्यांना निमंत्रणे दिली. त्यांत फ्रान्समधील ज्या पक्षाच्या संस्थापकाने विषारी वायूच्या कोठड्यांना महायुद्धातील एक तपशील म्हटले होते आणि त्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरविले होते, त्या पक्षाचे विद्यमान अध्यक्षही होते. ब्रिटनच्या मुख्य रब्बींसह अनेक ज्यू निमंत्रितांनी त्यामुळे आपली उपस्थिती रद्द केली. निर्वासित नकोत, मुसलमान नकोत, असे म्हणत मते मिळविणाऱ्या पक्षांना इस्रायल सरकारची मैत्री हे प्रायश्चित्ताचे प्रमाणपत्र वाटते. एव्हियाँमधील प्रतिनिधींची भाषा बोलणाऱ्यांनी एव्हियाँच्या बळींचे श्राद्ध घालावे, असा हा प्रकार आहे.

ज्यूद्वेषाच्या व्याख्येचा वादही यातूनच आला. स्टॉकहोमच्या कार्यगटातून वाढलेल्या, आज ३५ देश सभासद असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मे २०१६ मध्ये एक कामचलाऊ व्याख्या स्वीकारली. मूळ वाक्ये मोजकी आहेत. त्यांना जोडलेल्या अकरा उदाहरणांपैकी सात इस्रायलशी संबंधित आहेत. व्याख्या कायद्याने बंधनकारक नाही असे तिच्यातच म्हटले आहे. तरीही ती विद्यापीठांवर आणि नगरपालिकांवर लादली जाऊ लागली, तेव्हा तिचा मूळ मसुदा करण्यात ज्यांचा प्रमुख हात होता त्या केनेथ स्टर्न यांनीच या वापराला विरोध केला. २०२१ साली कितीतरी अभ्यासकांनी, त्यांत हत्याकांडाचे ज्यू इतिहासकारही होते, पर्यायी जाहीरनामा काढला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायली नागरिकांची केलेली कत्तल आणि त्यानंतर गाझात इस्रायलने केलेला भयानक संहार, यांनंतर हा वाद तीव्र झाला. २६ जानेवारी २०२४ रोजी, स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहारविरोधी कराराखाली इस्रायलला हंगामी आदेश दिले. तो करार ज्यूंच्या हत्याकांडातूनच जन्मला होता आणि राफाएल लेमकिन या ज्यू कायदेपंडिताने त्यासाठी आयुष्य वेचले होते. एखाद्या सरकारच्या कृत्यांचा निषेध करणे म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. आणि त्या सरकारच्या कृत्यांसाठी पॅरिसमधल्या किंवा मँचेस्टरमधल्या प्रार्थनामंदिरात जाणाऱ्या माणसाला जबाबदार धरणे म्हणजे ज्यूद्वेषच होय. बर्लिनला एप्रिल २००४ मध्ये झालेल्या परिषदेने हेच सांगितले होते की, मध्यपूर्वेतील वा अन्य कोणत्याही राजकीय घटना ज्यूद्वेषाचे समर्थन ठरू शकत नाहीत. ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणता येत नसतील त्याने या विषयावर बोलू नये.

हे सांगताना डाव्यांनी स्वतःचाही हिशेब मांडला पाहिजे. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध जर्मन पार्लमेंटमध्ये पडलेली सर्व ९४ मते समाजवादी लोकशाहीवाद्यांची होती. कम्युनिस्ट सभासद तुरुंगात किंवा भूमिगत होते. हा अभिमानाचा भाग. पण १९५२ साली प्रागमध्ये स्लान्स्की खटल्यात चौदा आरोपींपैकी अकरा ज्यू होते, आणि अकरा जणांना फाशी देण्यात आले. आरोपपत्रात त्यांच्या ज्यू जन्माचा आवर्जून उल्लेख होता. १९६८ साली पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीने झिओनिझमविरोधाच्या नावाखाली किमान तेरा हजार माणसांना देश सोडायला लावले. कीव्हजवळ बाबी यार येथे सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या. सोव्हिएत सरकारने तेथे १९७६ साली स्मारक उभारले, पण त्यावर ज्यू हा शब्द नव्हता. बँकवाला, सटोडिया आणि ज्यू हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरण्याची खोड कामगार चळवळीच्या बोलण्यातून अजून पुरती गेलेली नाही. भांडवलशाही ही एक व्यवस्था आहे. तिला नाक, दाढी आणि आडनाव चिकटविले की समाजवाद संपतो.

महाराष्ट्राने या बाबतीत स्वतःची पाठ थोपटून घेण्याची चाल आहे. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्रायल शतकानुशतके शेजाऱ्यांबरोबर सुखाने राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हणविले गेले, ही गोष्ट खरी आणि चांगली आहे. पण तिने बाकीचे झाकले जाऊ नये. हिटलरचे आत्मचरित्र फूटपाथवर आणि पुस्तकांच्या दुकानांत उघड खपते, आणि घेणारे तरुण ते कणखर नेतृत्वाचा धडा म्हणून घेतात. २००६ साली नवी मुंबईत एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव दिले गेले आणि निषेध झाल्यावरच ते बदलले. नोव्हेंबर २००८ मध्ये दहशतवाद्यांनी कुलाब्याचे नरिमन हाऊस निवडले ते तेथे ज्यू राहत होते म्हणून. आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये जर्मन ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला, त्याला मार्टिन बुबर यांनी दिलेले व्यथित उत्तर आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. राममनोहर लोहिया १९३३ पर्यंत बर्लिनमध्येच मिठावरील करावर प्रबंध लिहीत होते. त्यांच्या अनुयायांनी तरी ते मुद्दाम वाचावे.

हिटलरपासून पळालेले काही ज्यू मुंबईत आले होते. त्यांच्यासाठी १९३४ साली येथे साहाय्य संस्था निघाली. निर्वाहाची हमी मिळाल्याशिवाय ब्रिटिश सरकार परवाना देत नसे. एव्हियाँचा नियम येथेही होता. हिटलरच्या राजवटीतून मुंबईत आलेल्यांपैकी लेडन, लँगहॅमर आणि श्लेसिंगर या तिघांनी पुढे मुंबईच्या तरुण चित्रकारांना हात दिला, हे चित्रकलेच्या इतिहासात नमूद आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि सरकारने सर्व जर्मनांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरविले. तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या छावणीत नाझी पक्षाचे सभासद आणि त्यांच्यापासून पळून आलेले ज्यू यांना एकाच तारेच्या कुंपणात कोंडण्यात आले. चौकशीअंती पुष्कळ ज्यू सुटले. काहींना पुढे पुरंदर आणि सातारा येथे ठेवले गेले. २७ जानेवारी हा प्रजासत्ताक दिनानंतरचा दिवस. त्या दिवशी शाखांनी काही करावयाचे म्हटले तर नगर, सातारा आणि पुणे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना त्यासाठी फार लांब जावे लागणार नाही.